शहाण्या लेकरांचं घर

“सूनबाई, तुमची पोरगी भल्लीच झोपते वो. दुपारचं दूध घेऊन मी कधीबी येवो, हे लेकरू आपलं झोपेतच. जरा ध्यान द्या बाप्पा.”

जयवंताबाईनं हे सांगितलं तेव्हा आकांक्षा मागच्या दारात पातेलं घेऊन उभी होती. रविवार होता म्हणून. एरवी दूध सासूबाईच घ्यायच्या. मापातून धार पडत होती आणि जयवंताबाईची नजर दाराच्या आत, पाळण्याकडे लागली होती. आकांक्षानं हळूच एक पाऊल सरकून दार अंगानं झाकलं.

“बाळं झोपतातच, मावशी. झोपेतच वाढतात ती.”

“तसंबी असते म्हणा,” जयवंताबाई म्हणाली. “पण झोपेझोपेत फरक असते.” आणि कॅन उचलून ती चालू लागली.

आत आल्याआल्या आकांक्षानं काजळाच्या डबीत बोट बुडवलं आणि सात महिन्यांच्या आचलच्या कानामागं ठसठशीत तीट लावली. अकरावी-बारावीच्या पोरांना रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाईनं. त्या तिटेची तिला आज जेवढी लाज वाटते तेवढी दुसऱ्या कशाची वाटत नाही.

लग्न होऊन सेलूला आली त्या पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी, शोभाबाईंनी, तिला बजावलं होतं, “दूधवालीशी गोड बोलजो, पण घरात लेकरू आलं की तिच्यासमोर नेजो नको. दोन लेकरं खाल्ली तिनं. तिसरं झालंच नाई.” आकांक्षा तेव्हा मनातल्या मनात हसली होती. पण स्वतःचं मूल मांडीवर आलं की माणूस कशाकशाला भितं ते तिलाच नंतर कळलं. ती मुळातच काळजीखोर. पाणी वीस मिनिटं उकळायची, खेळणी रोज धुवायची, आचल किती वाजता प्यायली, कितीदा लंगोट ओला केला, हे सगळं एका वहीत लिहायची. त्या वहीवरून नवरा, योगेंद्र, तिची टिंगल करायचा. “आमच्या घरी जनगणना सुरू आहे,” असं मित्रांना सांगायचा.

वर्ध्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात ती तासिका तत्त्वावर शिकवत होती. बाळंतपणानंतर परत जायचं ठरलं तेव्हा तिनं सासूबाईंना समोर बसवून एकच गोष्ट मागितली होती. “आई, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय तिला काही द्यायचं नाही. घुटी नाही, काढा नाही, औषध नाही. काहीच नाही.”

“अवो, आमी काय लेकरं वाढवली नाईत का? गल्लीत विचार कोणालेबी, शोभाबाईची लेकरं कशी होती म्हणून.”

विचारायची गरजच नव्हती. बारशाला आलेली प्रत्येक बाई तेच सांगून गेली होती. या घरातली लेकरं शहाणी. योगेंद्र म्हणे सहा महिन्यांचा असताना दिवसभर हूं की चूं करायचा नाही. त्याची धाकटी बहीण प्रेरणा दुकानात पितळी परातींच्या फळीखाली निजलेली असायची आणि गिऱ्हाइकाला पत्ताही लागायचा नाही. घराच्या पुढच्या भागात सासऱ्यांचं, पुंडलिकरावांचं, भांड्यांचं दुकान. दुपारी बाराला ते जेवायला उठायचे, मग तीनपर्यंत लवंडायचे. तेवढा वेळ गल्ल्यावर शोभाबाई बसायच्या. तीस-पस्तीस वर्षं हेच चाललं होतं.

“दिलं वचन,” शोभाबाई म्हणाल्या होत्या. “तू जाय बिनघोर.”

आणि आकांक्षा खरोखर बिनघोर गेली. सकाळी नऊची एसटी, दुपारी चारला परत. आली की आचल पाळण्यात गाढ असायची, गालांवर उशीची घडी उमटलेली. स्टाफरूममधल्या सुलोचना मॅडमचा मुलगा दिवसभर आजीचं डोकं खायचा. “तुझी सासू आठ दिवस उसनी दे गं,” त्या म्हणायच्या. “परत करताना खणानारळानं ओटी भरून पाठवते.” आकांक्षा हसायची आणि आतून फुलून यायची. सासू मिळावी तर अशी, असं तिनंच त्यांना चारदा सांगितलं होतं.

वहीत सगळं लिहिलेलं होतं, पण ती वही सकाळ-संध्याकाळची होती. दुपारची पानं सासूबाई सांगतील तशी भरायची. ‘११ ते ४ झोप. दूध थोडं.’ पुन्हा ‘११ ते ४ झोप. दूध थोडं.’ सुट्टीच्या दिवशीही अकरा वाजले की ‘मी निजवतो हिले’ म्हणून त्या पोरीला स्वयंपाकघरात घेऊन जायच्या. इतकं एकसारखं कुठलं मूल झोपतं, हा प्रश्न तिला स्वतःच्याच अक्षरातली पानं उलटताना कधी पडला नाही.

नवव्या महिन्याची लस द्यायला ती आचलला वर्ध्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी पोरीला टेबलावर बसवलं. ती ओल्या टॉवेलासारखी एका अंगाला कलली.

“बसत नाही अजून?”

“टेकून बसवलं तर बसते.”

“काही औषध सुरू आहे का? सर्दीचं, झोपेचं, घरगुती काही?”

“नाही, डॉक्टर. मी तर कटाक्षानं...”

“दिवसा कोण सांभाळतं?”

“सासूबाई.”

“मग त्यांना विचारा,” ते म्हणाले आणि पुढच्या मुलाला आत बोलावलं.

आकांक्षाला राग आला. तो डॉक्टरांचा. ज्या बाईनं आपल्या पोरीसाठी कंबर मोडून घेतली तिच्यावर हा संशय! तरी घरी येऊन, शब्द चार वेळा घोळवून, तिनं विचारलं. शोभाबाईंनी आधी डोळ्यांना पदर लावला. मग उठून आचलच्या टाळूवर हात ठेवला.

“हिच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो. मी हिले काई देल्लं असन तं माह्या हाताले किडे पडो. तुले दिसत नाई का, कोण रोज दारात उभं राहून लेकराले टोकून राह्यलं ते? मी पहिल्या दिवशीच सांगतलं होतं तुले.”

योगेंद्र सोफ्यावर बसून मोबाईल पाहत होता. त्यानं मान वर केली नाही. “आई म्हणते ते एकदा करून पाहायला काय जातं?” एवढंच म्हणाला.

मग मीठमोहऱ्या, सुक्या मिरच्या, उंबऱ्यावरची माती, सगळं आचलवरून सात वेळा उतरून चुलीत पडलं. आकांक्षा पोरीला मांडीवर घेऊन पाटावर बसली होती. मिरच्यांचा ठसका बसला नाही, म्हणजे दृष्ट लागलेलीच होती, तेव्हा शोभाबाईंनी तिच्याकडे पाहून मान हलवली. ‘पाह्यलं?’ अशी. आणि आकांक्षानंही मान हलवली.

दुसऱ्या दिवशी शनिवार, तिचे तास नव्हते. जयवंताबाई आली तशी शोभाबाईंनी पातेलं पुढे केलंच नाही.

“उद्यापासून दूध नको.”

“काऊन वो बाई? पानी निंगालं का दुधात?”

“पाण्याचं नाई.”

जयवंताबाईला समजायला वेळ लागला नाही. एवढ्या वर्षांत तिला अशा किती दारांतून परत पाठवलं असेल कोण जाणे. तिनं शोभाबाईंकडे पाहिलं नाही, आकांक्षाकडे पाहिलं. आकांक्षा मोबाईलमध्ये काहीतरी शोधायला लागली. काय शोधत होती ते तिला आजही आठवत नाही, कारण ती काहीच शोधत नव्हती.

पाकिटाचं दूध सुरू झालं. दृष्ट उतरलेली होती. आचल अकरा ते चार झोपतच होती.

पंधरा दिवसांनी, एका बुधवारी, संस्थेचे कुणी जुने सचिव वारले आणि शोकसभा होऊन कॉलेज साडेदहालाच सुटलं. मिळाली त्या गाडीनं आकांक्षा परतली. अकराच्या सुमारास घरी पोचली. दुकानात सासरे गिऱ्हाइकाला कुकर दाखवत होते, म्हणून ती बोळातून मागच्या दारानं आली. स्वयंपाकघरात शोभाबाई भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या. आचल त्यांच्या मांडीवर आडवी. हातात चांदीचं बोंडलं. ते आकांक्षाच्याच माहेरून बारशाला आलेलं होतं, आणि त्याच्या तोटीतून काहीतरी गुलाबी, घट्टसर, पोरीच्या ओठांत उतरत होतं. शेजारी फरशीवर बाटली. झाकण उघडं.

“आई, काय देताय?”

शोभाबाई दचकल्या, पण हात थांबला नाही. उरलेला थेंबही त्यांनी नीट आत सोडला आणि पदरानं पोरीचं तोंड पुसलं.

“सर्दीचं आहे.”

“सर्दी कुठे आहे तिला?”

“होऊ नाई म्हणून.”

आकांक्षानं बाटली उचलली. बारीक अक्षरं होती, पण बारीक अक्षरं वाचणं हाच तिचा धंदा. चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असं चौकोनात छापलेलं होतं. औषध अर्ध्याच्या खाली गेलं होतं.

“कधीपासून?”

“ओरडू नको, आता निजन ते.”

“आई, कधीपासून?”

“तू कामावर गेली तवापासून. झालं समाधान?” शोभाबाईंचा आवाज आता चढला. “अवो, मी काय जहर देऊन राह्यली का? दुपारी मले दुकानात बसा लागते. हिले घेऊन बसू गल्ल्यावर? भांडे पडते, लोक येते, धूळ उडते. लेकरू निजलं तं घर चालते. माह्या सासूनं योगेंद्रले आफूची गोळी देल्ली, मुगाच्या दाण्याएवढी. प्रेरणालेबी देल्ली. मले माह्या मायनं देल्ली असन. साऱ्या गावानं देल्ली. आता आफू भेटत नाई. हे तं कंपनीचं औषध आहे, झाकणाचं, शिक्क्याचं. मी तं उलट सुधारली वो!”

त्यांना खरंच तसं वाटत होतं. त्यांच्या चेहऱ्यावर अपराध नव्हता, दुखावलेपण होतं. आपण जुनाट सासू नाही, नव्या जमान्याप्रमाणे वागलो, याचं कुणी कौतुक करेना म्हणून.

“तुम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती.”

“शपथ तिचं भलं व्हावं म्हणून घेतली. खोटी कशी होईन ते?”

 आकांक्षानं पोरीला उचललं. ती आताच जड व्हायला लागली होती, पापण्या अर्ध्या खाली आल्या होत्या.

“बाटली कोणत्या मेडिकलमधून आणली तुम्ही?”

“मी कुठं मेडिकलात जातो? तुह्या नवऱ्याले विचार. तोच आणून देते.”

 आकांक्षानं बाटली पर्समध्ये टाकली.

त्याच दुपारी ती आचलला घेऊन वर्ध्याच्या डॉक्टरांकडे गेली, बाटलीसकट. त्यांनी ‘मी म्हटलं होतं’ असं म्हटलं नाही, हे त्यांचे उपकार. औषध आजपासून बंद, आठवडाभर लक्ष ठेवा, श्वास जड वाटला तर लगेच आणा, असं सांगितलं. पोरगी सावरेल म्हणाले. संध्याकाळी सातला योगेंद्र घरी आला तेव्हा ती बॅग भरत होती आणि बाटली टीव्हीपुढे ठेवलेली होती, त्याला दिसेल अशी.

“आईनं सांगितलं मला,” तो म्हणाला. “एवढं काय झालं?”

“तुम्ही आणायचात?”

“महिन्याला दोन. अगं, साधं औषध आहे, सगळेच देतात. मलाही द्यायचे, त्याहून कडक. मी काय वेडा निघालो का?”

“यावर काय लिहिलंय ते वाचलं होतं?”

“वाचलं होतं. कंपनीवाले लिहितातच तसं, अंगावर येऊ नये म्हणून.”

“म्हणजे वाचलं होतं.”

तो बिछान्याच्या कडेवर बसला. तो वाईट माणूस नाही. तेच तिला पेलवत नव्हतं. रात्री पोरगी उठली तर तोच आधी उठायचा. “हे बघ,” तो समजावण्याच्या सुरात म्हणाला, “तुला नोकरी करायची होती. आईला दुकान सुटत नाही. तुला विचारलं असतं तर तू दिलं असतंस का?”

“नाही.”

“मग? म्हणून नाही विचारलं.”

इतक्या सरळपणे म्हणाला, जणू काही यात दोघांच्याही सोयीचा विचार झालेला होता. त्या दिवशी सोफ्यावर मोबाईलमध्ये मान घालून तो बसला होता, मिरच्या उतरत होत्या, एका म्हाताऱ्या बाईचं नाव बदनाम होत होतं, आणि याला सगळं माहीत होतं. आकांक्षाला आठवत गेलं तसतसं ती कपड्यांच्या घड्या जास्तच नीट घालत गेली.

सकाळी जामला, माहेरी निघण्याआधी ती जयवंताबाईकडे गेली. तिच्या दिराच्या घराला लागून एक खोली, पुढे गोठा, दोन म्हशी. जयवंताबाई शेण ओढत होती. आचलला पाहून ती मागे सरकली, तोंड फिरवलं. सवयीनंच.

“घ्या ना हिला, मावशी.”

“कायले? मंग पुन्हा मिरच्या उतरवसान.”

 आकांक्षानं बाटलीचं, सासूचं, नवऱ्याचं, सगळं एका दमात सांगितलं आणि शेवटी माफी मागितली. जयवंताबाईनं हात धुतले, लुगड्याला पुसले, पण पोरीला घेतलं नाही. गोठ्याच्या दांडीला टेकून उभी राहिली.

“मले वळखू आलतं वो. तशी झोप मी पाह्यली आहे. निंदाले जाओ आमी बाया पाटलाच्या वावरात. बाभळीले झोळी बांधाची, गोळी द्याची, दिवसभर लेकरू गप. मुकादम म्हणे, लेकरू रडलं तं हजरी कापतो. साऱ्याच देत. माहं पहिलं असंच निजलं, ते उठलंच नाई. दुसऱ्या वक्ती गोळी अर्धी केली. वाटलं, अर्धीनं काय होते.” तिनं दांडीवरचं वाळलेलं शेण नखानं खरवडलं. “माह्या हातानंच देल्ली मी. लोक म्हणते, जयवंतानं लेकरं खाल्ली. मी कोणाले नाई म्हणू?”

“पण सगळ्याच देत होत्या ना?”

“साऱ्यायचे उठले. माहे नाई उठले. मंग नजर माहीच वाईट ठरली नं. गोळीचं कोणं नाव घेते?”

म्हैस मधूनच ओरडली. जयवंताबाई तिच्यापुढे चारा टाकायला वळली आणि पाठमोरीच म्हणाली, “जा आता. गाडी चुकन. आन् पोरगी लडन आता, लय लडन. लडू देजा.”

आणि आचल रडली. जामच्या घरी, हायवेवरच्या ट्रकांच्या आवाजावर मात करील एवढी. अकरा वाजले की सुरू व्हायची ती चारपर्यंत. आकांक्षाचे वडील, लक्ष्मणराव, तिला खांद्यावर टाकून अंगणात फेऱ्या मारायचे आणि म्हणायचे, “बोल बेटा, बोल, काय तक्रार आहे ते सांग सारं.” तिसऱ्या दिवशी, पाठ मोडून आलेली असताना, एका क्षणी आकांक्षाच्या मनात आलं की आज एक चमचा असता तर. तो विचार तिनं नंतर कधी कुणापासून लपवला नाही. शोभाबाईंचा हात तिथपर्यंत कसा गेला ते तिला त्या क्षणी समजलं. समजलं, म्हणून माफ करता आलं असं मात्र नाही.

तीन आठवड्यांनी रडणं ओसरलं. अकराव्या महिन्यात आचल आधाराशिवाय बसली, आणि बसली ती सरळ आजोबांच्या चष्म्यावर झडप घालून. योगेंद्र दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा म्हणाला, “आता आई नाही देणार, झालं ना?” दोन्ही वेळा तिनं विचारलं, “आणि दुपारी दुकानात कोण बसणार?” दोन्ही वेळा तो घड्याळ पाहून उठला.

हे इथंच संपलं असतं तर आकांक्षा कुणाला काही सांगत बसली नसती. पण दिवाळीनंतर प्रेरणा बाळंतपणाला माहेरी, सेलूला आली. मुलगा झाला. ती पुण्याला मोठ्या कंपनीत नोकरीला. घरून काम करायची परवानगी मिळाली, तेव्हा ती बाळासह माहेरीच राहिली. आई आहे सांभाळायला. तीन महिन्यांचा झाल्यावर तिनं व्हिडिओ कॉल केला. “बघ वहिनी, किती शहाणा आहे! माझ्या मीटिंगा चालतात आणि याला पत्ताही नाही.” मागे पाळणा. घड्याळात दुपारचा दीड.

आकांक्षानं तिला सगळं सांगितलं. काही न वगळता.

प्रेरणा ऐकत राहिली आणि मग हसली. “वहिनी, तुझं ना प्रत्येकात काहीतरी असतं. आईनं मला वाढवलंय. मी काय मतिमंद आहे का? तुझं-दादाचं जे काही आहे ते आईवर काढू नकोस.” तिसऱ्या दिवशी नंबर ब्लॉक. योगेंद्रचा निरोप आला, माझ्या बहिणीच्या घरात आग लावू नको. जयवंताबाईला तर त्या दारात उभंही करत नाहीत. डॉक्टर म्हणाले, आईबापच आणत नाहीत तर मी काय करू. गावातली आशा सेविका एकदा जाऊन आली. तिला चहा मिळाला, बाळ आत झोपलंय असं सांगितलं गेलं.

म्हणून आकांक्षा आता भेटेल त्याला सांगते, आणि हे वाचताय तर तुम्हालाही सांगते आहे. तिला त्या घरात जाता येत नाही, तुम्हाला येईल. नागपूर-वर्धा रस्त्यानं कधी गेलात तर सेलूला उतरा. भांड्यांचं दुकान कुणीही दाखवेल. दुपारी जा, बारा ते तीनच्या मधे, तेव्हा गल्ल्यावर शोभाबाई असतात. त्या बोलायला फार गोड आहेत. एखादा डबा घ्या, झाकण बसतं का ते पाहत वेळ काढा, आणि मग म्हणा, नातू झाला ऐकलं, जरा पाहू द्या की. नाही म्हणतील, म्हणतील, निजलाय. तरी आग्रह करा. शकुनाचे अकरा रुपये हातात ठेवायचेत म्हणा, काहीही म्हणा, पण त्याला पाळण्यातून उचलून मांडीवर घ्या. उठवा त्याला. आणि तो रडला, तर तेवढंच आकांक्षाला कळवा.